तीन नंबरचा पिस्टन

८ नोव्हेंबर २००५, दिग्रस
कापसाचा हंगाम आणि जिनिंगच्या फाटकाला कुलूप. आज पुन्हा जाऊन आलो. भाव असे पडलेत की मालकाने यंदा मिल सुरूच केली नाही. इंजिनघर उघडंच. आत नुसता चौथरा, त्यावर कुत्री झोपलेली. सव्वीस वर्षं ज्या इंजिनाला मी तेल घातलं, ते उन्हाळ्यात भंगारवाल्याने घणाने फोडून नेलं. त्याच्या पिस्टनचा मुठीएवढा तुकडा मागून घेतला होता. घरी लेथखाली पडलाय.

परत आलो तर पुसदहून मनोहरचा फोन. यवतमाळच्या त्या यंत्रांच्या संग्रहालयाने त्याची सातही छोटी इंजिनं घेतली. हाताने बनवलेली, चालती, पेट्रोलवरची. काचेच्या कपाटात राहणार, खाली नाव.
"वसंता, तुले सर्वात पयले सांगून राह्यलो."
मलाच काहून? "लई चांगलं झालं," म्हणालो. जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर
झोप नीट नाही. जुनं सगळं वर येतंय.

म. आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, याच मिलमध्ये. तो तिसऱ्या वर्षी सोडून गेला, पुसदला वर्कशॉप टाकलं. मग एकदा दोन रविवार आला, माझ्या इंजिनाची मापं घ्यायला. बॅटरी मी धरली. कुठे किती झिजलंय, कुठला नट उलट्या आट्याचा, हे सगळं मीच सांगितलं. वर्षाच्या आत तेच इंजिन वीतभर करून घेऊन आला. चाक बशीएवढं. आणि आवाज हुबेहूब. एक ठोका, मग चारदा नुसता सुस्कारा, मग पुन्हा ठोका. सिंधूने टाळ्या वाजवल्या. माझ्या घरात, माझ्या बायकोने.

त्यानंतर मीही एक करायला घेतलं. त्याला सोळा वर्षं झाली. दोनदा फटफटतं आणि बंद पडतं. फळीवर कापडाखाली ठेवलंय.

१९ नोव्हेंबर
संग्रहालयाच्या पाठक बाईंचा फोन. म.चे डोळे साखरेने गेल्यात जमा, हातही थरथरतो. इंजिनं चालवून दाखवायला, तेलपाणी करायला माणूस हवाय. मनोहररावांनी तुमचंच नाव सुचवलं, म्हणाल्या.
म्हणजे इंजिनं त्याची आणि झाडूपोचा माझा.
नाही म्हणणार होतो. सिंधू म्हणाली, "जा ना. घरी बसून जळून राह्यले, त्यापेक्षा तिथी जाऊन जळा."
हो म्हणालो.

२६ नोव्हेंबर
पहिली खेप. सकाळची एस.टी., दारव्हामार्गे. सात कपाटं. आपल्या मिलचं इंजिन तीन नंबरला. कार्ड वाचलं: 'दिग्रस येथील जिनिंगचे तेल-इंजिन. लहान प्रतिकृती. कारागीर: मनोहर.' बस्स. ते सव्वीस वर्षं कुणी चालवलं त्याचं अक्षर नाही. आता मूळ इंजिन जगात कुठे नाही. हेच खरं, आणि हे त्याचं.

सुरू केलं. मेलं पहिल्या झटक्यात लागलं. लोक गोळा झाले. एका रिटायर मास्तरांनी विचारलं, "तुम्ही बनवलं?"
"नाही. मी चालवतो फक्त."
हे वाक्य दारव्ह्यापर्यंत डोक्यात घोळत राहिलं.

१२ डिसेंबर
सोमवार. संग्रहालय बंद. बाईंनी तेलपाण्यासाठी किल्ली देऊन ठेवलीय.
काय केलं ते लिहूनच ठेवतो.

तीन नंबर उघडलं. काही बिघडलं नव्हतं. मला त्याची खोट पाहायची होती. कुठेतरी वाकडी फिरलेली कानस, कुठेतरी डाग. नाहीच. मग ईर्षेने चार नंबरही उघडलं, ताडून पाहायला. दोन्ही पिस्टन रॉकेलच्या एकाच वाटीत टाकले. उस्तादाने पहिल्या आठवड्यात शिकवलेलं: पिस्टन आपल्या सिलिंडरात घासून घासून बसवलेला असतो, ती जोडी, दोन इंजिनं एका वेळी उघडायची नाहीत. चाळीस वर्षं पाळलं. आज नाही.

पुसून घेतले तर दोन्ही सारखे. अंगठ्याएवढे, खूण नाही. एक उचलून तीनमध्ये घातला. अर्ध्यात अडला. काढायला हवा होता. मला वाटलं, बघा, महाशयांचं काम घट्ट झालंय. दाबून फिरवला. कर्र वाजलं.
पिस्टनवर उभा ओरखडा. सिलिंडर वाचलं, थोडक्यात. ओरखडलेला तीनचाच होता, घालताना तिरका गेला होता. चारचा चारमध्ये लोण्यासारखा बसला.
ओरखडलेला पिस्टन डब्बीत घालून खिशात टाकला.

१३ डिसेंबर
बाईंना खोटं सांगितलं: तीनचा व्हॉल्व्ह अडकलाय, घरी नेऊन बसवतो.
"मनोहररावांना कळवू का?"
"नका कळवू. उगाच जिवाला लावून घेतील."
केवढी माझी माया त्याच्यावर!

१७ डिसेंबर
नवा पिस्टन लागणार. बिडाचा, ओतीव लोखंडाचा. बाजारात मिळतो तो तुकडा आत पोकळ, भोकं भोकं. दोन फुकट गेले. लेथखाली वाकलो आणि तो मुठीएवढा तुकडा हाताला लागला. मोठ्या इंजिनाचा.
लोडशेडिंग. वीज दुपारी तीनला येते, पाचला जाते. तेवढ्यातच काय ते.

२९ डिसेंबर
बारा दिवस. लेथवर कातलं कमी, घासलंच जास्त. पॉलिश लावायचं, फिरवायचं, पुसायचं, पाहायचं. आज उस्तादाची परीक्षा केली. सिलिंडरचं खालचं तोंड अंगठ्याने बंद केलं, वरून पिस्टन सोडला. अधांतरी थांबला. अंगठा काढला, सरसर खाली. तीनदा केलं. सिंधूला हाक मारून चौथ्यांदा दाखवलं.
"हे तर तुमच्या त्या इंजिनात नाही झालं कधी," म्हणाली. खरं आहे. स्वतःचं करताना मी सगळा वेळ म.चंच इंजिन डोळ्यासमोर धरून होतो. यावेळी पिस्टनशिवाय काही दिसत नव्हतं.

७ जानेवारी
तीन नंबर जागेवर. लागलं. ठोका आधीपेक्षा भरीव, सुस्कारा लांब. मोठं इंजिन पावसाळ्यात वाजायचं तसं.
पाठक बाई धावत आल्या. "किती सुंदर चालतंय! काय हात आहे हो मनोहररावांचा!"
मी फडकं धुवायला गेलो.

१५ जानेवारी
आठ दिवस हेच. पिस्टन माझा आहे हे सांगावं, तर जुना कुठे गेला ते सांगावं लागतं. जुना कुठे गेला ते सांगावं, तर मी चोरून उघडलं हेही आलं. नाव हवं तर पाप कबूल करा. पाप झाकायचं तर नाव म.चं. आणि तो तिकडे पुसदला काही न करता वाहवा मिळवतोय. जळफळाट होतो.

२१ जानेवारी
म.चा सत्कार. पुतण्याच्या आधाराने आला. वाळलाय. शाल, नारळ, भाषणं. मी मागच्या रांगेत. मग सातही इंजिनं चालवून दाखवायची होती. एक, दोन चालवली, तीन लावलं. म. उठून आला, कपाटाच्या लाकडावर तळहात टेकवून उभा राहिला. डोळे मिटलेले, तसे उघडे असून उपयोग नाही. "अजून एक डाव लाव," म्हणाला. लावलं.

चहाच्या वेळी माझी बाही धरून बाजूला नेलं.
"वसंता, तीन नंबर माह्यं नाही वाजून राह्यलं."
मी कप खाली ठेवला.
"जुना पिस्टन कुठी हाय?"
"घरी. डब्बीत."
"तू खोलला?"
"हो."
"काहून?"
खोटं येईना. "पाहावलं नाही मले," म्हणालो.
"नवा कायचा बनवला?"
"आपल्या इंजिनाच्या. फोडलं तवा तुकडा ठेवलता."
त्याने चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ. मग पाठक बाईंना हाक मारली. "मॅडम, तीन नंबरच्या कार्डावर चूक हाय. काय लिवाचं ते वसंता सांगन."
बाईंनी कार्ड काढलं. मला एक कोरं दिलं. "पुढच्या शनिवारी आणा," म्हणाल्या.

२३ जानेवारी
त्याने मला माफ केलं की पिंजऱ्यात घातलं, कळत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चारचौघांत माझी अब्रू राखली आणि ठरवायचं माझ्यावर टाकलं. यातही तोच मोठा ठरला. यातही.

२५ जानेवारी
वहीच्या मागे लिहून पाहिलं. 'पिस्टन: वसंत.' बाई विचारणारच, आधीच्याला काय झालं? 'दुरुस्ती: वसंत.' बिघडवलं कुणी? खोडलं. नाव फक्त मनोहरचंच ठेवलं, तेही खोडलं. ते सोसवतच नाही.
सिंधू म्हणाली, "सोळा वर्स नाव पाहिजे, नाव पाहिजे. आता लिवा ना."

२७ जानेवारी
म.चा फोन. तोही उद्या येतोय. मी म्हणालो, तुला एवढा त्रास कशाला?
"तू वाचून दाखवजो मले. मले आता दिसते कुठी? अन् डब्बीबी आनजो."

२८ जानेवारी, एस.टी.त
खिडकीची जागा मिळाली. कार्ड याच वहीच्या मागच्या पानात, अजून कोरं. डब्बी पँटच्या खिशात, मांडीला टोचतेय. गाडी हलते, हे अक्षरही बघा कसं येतंय. दारव्ह्याला दहा मिनिटं थांबते. तिथे लिहीन, हात हलणार नाही.