तिसरी मोटर

गोळीबार चौक, नागपूर
दि. ११ मे १९८३

सौ. वच्छला हिले गोदूबाईचा आशीर्वाद.

इकडे सारे जितेजागते आहोत. ऊन असं की दुपारी नळाच्या पाण्यात हात घालता येत नाही. प्रेमिला तिकडे आंबे खाऊन खाऊन अंगावर फोड काढून घेईल, माझ्या नातीवर नजर ठेव. तुझ्या वडिलांचे, महादेवरावांचे, गुडघे कसे आहेत ते कळव. अक्षरं वाकडी आहेत, वाचून घे. दुसरीपर्यंतच शिकली, अन् कोणाकडून लिहून घेण्यासारखं हे पत्र नाही.

तुझ्या नवऱ्याची, कृष्णकांतची, ती लाकडाची अक्षरं कापायची मशीन अजून माझ्या डोक्यावर बसून आहे. कारखान्यातून आला की बूट न काढता तिच्याशी भिडते. पातं चालवणारी मोटर बरी आहे. फळी सरकवणारी मात्र नुसती गुणगुणायची, तापायची अन् अर्ध्यावर बसायची. कबाड्याकडची जळली, कूलरची जळली, ते तू पाहिलंच. तिसरी तुझ्या शिलाई मशीनची, तू स्वतःच्या शिलाईतून घेतलेली. ती तू माहेरी गेल्यावर पाचव्या दिवशी जळली.

मग कृष्णकांतनं वायर बदलली, बटण बदललं, कंडेन्सर बदलला. गिरिधर बिजलीवाला आला, दोन कप चहा पिला अन् म्हणे मोटर कमजोर आहे, मोठी बसवा. कृष्णकांत चौथी आणायले निघाला तेव्हा माझं टाळकं सरकलं. म्हटलं, आधी मोटर काढ अन् फळी हातानं ढकल.

"आई, हा हातमाग नव्हे," म्हणे.

"म्हणूनच तुले समजून नाही राहिलं."

ढकलली तर फळी अर्ध्यावर अडकली. मोटर नव्हती तरी अडकली. मग म्या दोरी घेतली. फळी ज्या दोन लोखंडी गजांवर धावते, त्यांच्यातलं अंतर या टोकाले मोजलं, त्या टोकाले मोजलं. तिकडे तांदळाच्या दाण्याएवढं कमी. चाळीस वर्षं माग असाच दोरीनं मोजून बसवला. एक बाजू आखूड राहिली की कापड तिरपं येते. त्यानं पेच ढिले करून गज सरळ केले. आता फळी एका बोटानं जाते. दोष मोटरीत नव्हताच, तीन फुकट जाळल्या.

कबाड्याची मोटर सदरच्या दुकानातून नवी तार भरून आणली, ती चालून राहिली. तुझी मात्र त्या दुकानदारानं उघडून परत दिली. आत सारा कोळसा, भरता येत नाही म्हणे.

आता ज्याच्यासाठी लिहायले बसली ते लिहिते. तुले वाटते कृष्णकांतनं तुझी मोटर चोरून काढली. तो नको म्हणत होता. तू मापं घ्यायले गेली होती, तेव्हा पेचकस शोधून म्या त्याच्या हातात दिला. म्हटलं काढ, या घरात माझी परवानगी पुरे. तू आल्यावर त्याले चोर म्हटलं, तेव्हा मी स्टोव्हपाशी भाकरी थापत होती. त्यानं माझं नाव घेतलं नाही. म्याही घेतलं नाही.

काहून केलं म्हणशील. माझा माग घरातून गेल्यापासून गल्लीतल्या बाया शिवायचं कापड घेऊन दारात येतात अन् मलेच विचारतात, वच्छला आहे का वं. एवढंच कारण. याच्याहून मोठं असतं तर सांगायले बरं पडलं असतं.

तो गेल्या शनिवारी तुले घ्यायले निघाला होता, म्या थांबवला. ते त्याचं काम नाही. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं उमरेडले मी येते. इथं लिहिलं ते तुझ्या वडिलांसमोर, भावजयीसमोर तोंडानं सांगते. मग यायचं की नाही, ते तू ठरव. जेवायले थांबणार नाही.

हे पत्र महादेवरावांना आजच वाचून दाखव. म्हणजे तुमच्या दारात मले पाय मागे घेता येणार नाही.

तुझी मोटर काढायले लावणारी,
गोदूबाई