एक फुंकर

बाबा,

शांघायहून रुईलानचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. आईचा मिरचीचा ठेचा पुरवून पुरवून खाते.

आमच्या प्रयोगशाळेतल्या चकत्या सिरॅमिकच्या, पण काचेसारख्या आरपार दिसायला हव्यात. काल निर्वात भट्टीतून माझी चकती निघाली, ती मधोमध पांढरा डाग घेऊन.

"फुंकर मारलीस ना? थुंकीचा एक कणही डाग पाडतो," आमच्या प्रमुख फांगबाई म्हणाल्या. "कुंभाराची पोर शोभतेस."

मारली होती. साच्याच्या कडेची पावडर उडवायला, तुम्ही सुकलेली वाटी तासताना मारता तशीच.

माझी फुंकर एकच होती, बाबा. तुम्ही चाळीस वर्षं त्या धुळीत फुंकर मारताय. खोकला कसा आहे? आईच्या दोन्ही पत्रांत तुमच्या छातीच्या एक्स-रेचं नावसुद्धा नाही. त्यात काय दिसलं ते तुम्हीच लिहा. पांढरा डाग मला आता ओळखता येतो.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
रुईलान