आपल्या गावावर बसलेला हत्ती

नारायणगुडा, हैदराबाद

तीर्थस्वरूप एकनाथदादांस धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे हणमंताचा, साष्टांग नमस्कार. माझं डोकं सोडलं तर इकडे सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी गोड सोडलं का? (सोडलं नसणार.)

दादा, मी भयंकर संतापलोय. आपली कासारवंडी धरणात गेली त्याला एक पिढी उलटली. मोबाइलच्या नकाशात बघावं तर तिथं नुसतं निळं पाणी. परवा बेगम बाजारात हळद आणायला गेलो, तर एका गल्लीत जुन्या वस्तूंच्या दुकानात दख्खनचा जुनापुराणा छापील नकाशा दिसला. गुंडाळलेला. उघडून दाखव म्हटलं, तर दुकानदार म्हणतो, "नक्को साब, खोले तो फट जाता. पूरा दक्कन है, तुम्हारा गाम किधर जाता?" मी भुललो. शिवाय घरी पोचायच्या आत हिमायतनगरच्या मराठी मंडळात फोन करून रविवारचं व्याख्यानही ठरवून टाकलं: 'जुन्या नकाशातलं आपलं गाव'.

घरी नकाशा पसरला. कासारवंडीच्या जागी हत्ती! सोंड वर केलेला, चांगला पोसलेला. आणि बोटभर अंतरावर ठळक अक्षरांत निंबाळपूर. आमच्या सौ. सावित्रीचं माहेर! (ज्या गावाला मीठमिरचीसाठी आपल्या बाजाराला यावं लागायचं, ते निंबाळपूर!) सावित्रीने चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं आणि माहेरी फोन लावला.

मग मी चिडून या नकाशेवाल्यांची माहिती काढली. दादा, यातले कित्येक फिरंगी स्वतःचं गाव सोडून कुठे गेलेच नाहीत. खलाशांच्या गप्पा ऐकायच्या आणि घरी बसून रेघा मारायच्या. जमिनीवर जागा उरली की हत्ती, समुद्रात उरली की राक्षसी मासा. एकाने कॅलिफोर्नियाचं बेट केलं, तर पुढची शंभर वर्षं बाकीचे तेच गिरवत बसले! (आमचा संदेश तिथंच नोकरीला आहे. त्याला विचारलं, तर म्हणतो, बाबा, मला काही होडी लागत नाही.) नकाशा म्हणजे काय रांगोळी आहे, कोपरा मोकळा दिसला की मोर काढायला? नकाशात मनाचं काही घुसडणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे, असं मी रविवारी ठणकावून सांगणार आहे.

दुकानदाराशी भांडून आलो. तो म्हणाला, "गाम रैता तो हाथी नै मिलता साब!"

पण आपल्या लोकांची खोड तुम्हाला माहीत आहे. नकाशा दिसला की आधी आपलं गाव शोधायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. रविवारी कासारवंडीची म्हातारी माणसं मुद्दाम येणार आहेत. त्यांनी बोट कुठे ठेवायचं, हत्तीच्या पोटावर? मला फार वाईट वाटतंय, दादा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
हणमंत

ता. क. तुमच्या शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला शनिवारच्या आत गाडीत बसवून द्या. सगळ्यात बारीक ब्रश आणायला सांगा. हत्तीच्या चार पायांमध्ये जागा आहे. इंग्रजी अक्षरं हवीत, जुनी वाटतील अशी फिकट, आणि निंबाळपूरपेक्षा नखभर मोठी. सावित्रीला यातलं काही सांगितलेलं नाही.

ता. क. २. नावाशेजारचा ठिपका मात्र जरा जाड काढायला सांगा. तुमचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून होतं, दोन्ही त्यात मावली पाहिजेत.