ताजं आतडं

३ जानेवारी १९७५, बालाघाट

लामता गावात आज सातवं वासरू गेलं. सातवं! तीन दिवसांचं. पांढरी, पाण्यासारखी हगवण, डोळे खोल, कान थंडगार. सल्फा दिलं, खडूची पूड दिली, मीठ-साखरेचं पाणी बाटलीने पाजलं. शेवटी माझ्या मांडीवरच गेलं. पॅन्ट अलकनंदाने न कुरकुरता धुवायला घेतली. बायको कुरकुरत नाही म्हणजे माझं तोंडच तसं झालं असणार.

सरकारी पशुवैद्य! लोक पाया पडतात, आणि मला रोगाचं नावसुद्धा माहीत नाही.

६ जानेवारी

जबलपूरच्या पशुवैद्यक कॉलेजातल्या प्रोफेसरांचं उत्तर. मी पाठवलेला आतड्याचा तुकडा निरुपयोगी – सडलेला. मेल्यावर चार तासांनी काढला होता, दुसरं काय होणार? पण त्यांनी दोन पानं लिहिलीत. परदेशात एक विषाणू सापडलाय म्हणे. आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. हा त्या लवेच्या टोकांवरच्या पेशींना चिकटतो, आत शिरतो, आणि त्या पेशी गळून पडतात. मग पाजलेलं दूध शोषायला काही उरतच नाही. मोठी जनावरं निभावून नेतात. धरतो तो कोवळ्या आतड्याला. चिकात त्याला चिकटू न देणारं काहीतरी असावं, असाही त्यांचा अंदाज.

वाचून अंगावर काटा आला. आणि – इथे तरी खरं लिहावं – आनंदही झाला. हा रोग या जिल्ह्यात पहिल्यांदा मी दाखवून देणार!

८ जानेवारी

लामत्यात पारावर लोकांना जमवलं. चीक वासराला पोटभर पाजा, म्हणून घसा कोरडा केला. इकडे म्हैस व्याली की तीन दिवसांचा चीक तांब्या-तांब्याने घरोघर जातो, त्याचा खरवस होतो. वासराच्या वाट्याला जेमतेम चार घोट. जमलेल्यांतला सुखराम म्हणाला, "साहेब, सारा चीक ढोरालेच पाजला तं शेजाऱ्याच्या घरी काय पाठवाचं – पानी?" सगळे हसले. मीही हसलो, नाइलाजाने.

मैनाबाई तेवढी हसली नाही. एकटी विधवा बाई, एकच म्हैस, ती आता व्यायला आलेली. दूध विकून पोट भरते.

११ जानेवारी

अकरा वासरं.

१४ जानेवारी

संक्रांत. घरात तिळगूळ, माझ्या हातांना फॉर्मालिनचा वास.

प्रोफेसरांचं दुसरं पत्र. मेलेल्या वासराचं आतडं नकोच. हगवण लागल्यावर पहिल्या काही तासांतलं हवं, जीव जाताक्षणी काढलेलं. उशीर झाला की त्या पेशी गळून गेलेल्या असतात, बघायला काही उरत नाही.

म्हणजे काय ते कळलं. मरायची वाट बघायची नाही. गाईच्या वासराचं तर नाव काढायची सोय नाही – गाव मला सोडणार नाही, आणि माझाही हात धजणार नाही. म्हशीचं पारडू चालेल. नर. नर पारड्याला असंही कोण विचारतं?

हे वाक्य लिहिलं आणि स्वतःचीच शरम वाटली. खोडत नाही. राहू दे.

१९ जानेवारी

सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीने पुनाराम कंपाउंडरला घेऊन लामत्याला. उतरतो तोच मैनाबाई धावत आली. चार दिवसांचं नर पारडू.

"पाह्यटेपासून पातळ हगून राह्यलं, साहेब. तुमी सांगतलं तसा सारा चीक त्यालेच पाजला. कोनाच्या घरी थेंब नाही पाठवला. शेजारनी बोलत नाहीत मायासंगं."

शेण पातळ, पिवळसर. डोळे – वहीत मी 'किंचित खोल' लिहिलं. खोल होते का? पारडू उभं होतं, म्हशीच्या कासेला ढुशा देत होतं. पुनाराम हळूच म्हणाला, "साहब, इसके कान तो गरम हैं." मी म्हणालो, ही सुरुवात आहे, संध्याकाळपर्यंत गार पडतील. त्याने बॅग उघडायला घेतली. कंपाउंडरने डॉक्टरला विचारायचं नसतं.

"वाचते का नाही, साहेब?"

"नाही," मी म्हणालो. "हाल हाल होऊन जाईल. पण हे मला दिलं तर गावातली बाकीची वाचतील."

तिने पारडू कासेपासून ओढून बाजूला घेतलं. मग म्हणाली, "हौ. न्या मंग. मायासमोर नका करू."

गावाबाहेर नेलं. इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत आतडं बरणीत. बोटांना ऊब लागत होती. काम चोख झालं. बरणीवर चिठ्ठी लावताना मी चक्क शीळ घातली!

२२ जानेवारी

पुनाराम बरणी जबलपूरला देऊन आला. परतताना लामत्याला उतरला होता. मैनाबाईची म्हैस पान्हा सोडत नाही. पारड्याशिवाय धार काढू देईना. मैनाबाई म्हणाली, "साहेबाले म्हना, कातडं तरी द्या. भुसा भरून म्हशीपुढं ठेवतो."

कातडं! ते तर मी चुना टाकून खोल पुरलं – रोग पसरू नये म्हणून. आणि म्हैस आटेल हे मला सुचलं नाही. जनावरांचा डॉक्टर मी!

२ फेब्रुवारी

चौदा वासरं. आज पुन्हा चिकाचं सांगायला गेलो. सुखराम या वेळी हसला नाही. "मैनाबाईनं पाजला न चीक, साहेब. काय झालं तिच्या पारड्याचं?"

मी पिशवी उचलून स्टेशनची वाट धरली. आता लामत्यात कोणी चीक पाजणार नाही. अहवाल येऊ दे, मग बघतो एकेकाला.

११ फेब्रुवारी

अहवाल आला. 'नमुना उत्कृष्ट. लव टोकांपर्यंत शाबूत, रोगाची खूण नाही. पारडू पोटभर चीक प्यालेलं दिसतं; शेण पातळ असल्यास त्यानेच. तुलनेसाठी आधी निरोगी जनावराचं आतडं पाठवलंत, ही शिस्त आवडली. आता रोगी कधी पाठवता?'