मशीनची खोली बंद करण्यापूर्वी एका शर्टाबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
कुंडलिकाकाठ कामगार वसाहत,
रोहा, जि. रायगड

विषय : 'ब' इमारतीतील सामाईक वॉशिंग मशीनची खोली बंद न करणेबाबत, ते शक्य नसल्यास अर्जदारास एकदाच दुसऱ्याच्या पाळीत कपडे धुण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : खोलीच्या दारावर लावलेली आपली सूचना.

महोदय,

अर्जदार इद्रीस हुसेन डबीर हा कंपनीच्या बॉयलर विभागात कामाला असून 'ब' इमारतीत राहतो. आजवर त्याने वसाहतीविरुद्ध ब्र काढलेला नाही; टाकी गळून जिना घसरगुंडी झाला होता तेव्हाही नाही. सबब हा अर्ज रिकामटेकड्या माणसाची कुरकुर समजू नये.

१. सदर खोलीचा नियम असा, की ज्याचे धुणे झाले पण जो न्यायला आला नाही, त्याचे कपडे पुढच्या पाळीवाल्याने काढून ओट्यावर ठेवावेत. कसे ठेवावेत, हे नियमात नाही. त्यामुळे पूर्वी लोक ते बोळा करून आदळत आणि मग जिन्यात भांडणे जुंपत. ती भांडणे अर्जदाराची पत्नी साबिरा हिने मिटवली. ती दुसऱ्याचे कपडे तिथेच, दमट असतानाच झटकून, घडी घालून ठेवी. परकराची नाडी नेफ्यात सरकवलेली, लहान मुलांचे मोजे बापाच्या शर्टाच्या खिशात. ओल्या कपड्यांची घडी घालतात का कुठे, असे अर्जदार तिला चिडवत असे. ती म्हणे, "लोकांची वस्तू हाय. आपल्या घरात टाकतो तशी टाकून कसं चालंल?"

२. साबिरा गेल्या बकरी ईदनंतरच्या आठवड्यात वारली. चहा टाकून जरा टेकली होती. चहा उतू गेला, ती उठली नाही. चाळिसावा झाला आणि त्यानंतर मशीनच्या खोलीत घड्या दिसू लागल्या. पहिली घडी शेजारच्या पुतळीबाईंना दिसली. त्या पेणच्या खाडीकडच्या, मिठागरात वाढलेल्या. भुताखेताला भिणाऱ्या नव्हेत. त्यांचे शब्द जसेच्या तसे देत आहे : "भावजी, माझ्या परकराची नाडी नेफ्यात सरकवलेली व्हती. मी तिथंच खाली बसले. दुसरं कोण सरकवील हो?"

३. आपण चौकशीसाठी पहारेकरी जनू यास भरदुपारी खोलीच्या दारात बसवलेत. त्याने सांगितले ते असे : "मशीन थांबली. आत कोणी गेलं नाय. मी तंबाखू मळायला मान खाली घातली, वर बघतो तर कपडे ओट्यावर, घड्या घालून. मला थंडी भरली, साहेब." तेव्हापासून जनू फाटक सोडून आत यायला तयार नाही. अर्जदारालाही तिथे भीती वाटते, हे तो लपवत नाही. मशीन थांबल्यावर खोली एकदम गप्प होते, आणि ओट्यापाशी कोणीतरी आत्ताच उभे होते असे वाटून अंगावर काटा येतो. यावर आपण खोली बंद करून मशीन खांब गावच्या वसाहतीत हलवण्याची सूचना लावलीत. बाकी बिऱ्हाडांना हायसे वाटले. अर्जदाराला मात्र नाही.

४. कारण सर्वांच्या कपड्यांची घडी होते, अर्जदाराच्या होत नाही. त्याने आपले धुणे मुद्दाम मशीनमध्ये सोडून पाहिले. परत येऊन बघावे तर ते पीळ पडलेले, जिथल्या तिथे. ज्या मितेश सुपरवायझरने साबिराला कधी साधे सलामाचे उत्तर दिले नाही, त्याच्या पायजम्याचीही घडी होते! एके दिवशी अर्जदार त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला, "माझं काय चुकलं, ते तरी सांग." ही गोष्ट वसाहतभर झाली आहे, आपल्या कानावर आली असल्यास ती खरी समजावी. पुढे पेणला दिलेली मुलगी तस्नीम घरी आली असता तिने समजावले : "अब्बा, घरच्यांच्या कपड्यांची अम्मी तिथं घडी कधी घालायची? ती तर टबात टाकून वर आणायची." अर्जदार त्या दिवशी लहान मुलासारखा रडला. त्यानंतर तो दुपारी घराचे दार उघडे टाकून बसू लागला. जिन्यावर पाऊल वाजले की उठून उभा राहू लागला. टब वर आला नाही. खोलीपर्यंत येणारी साबिरा जिना काही चढत नाही, आणि घरचा म्हणून अर्जदाराच्या वाट्याला काहीच येत नाही.

५. तरी विनंती, की खोली बंद करू नये. बंद करणे भागच असेल, तर त्याआधी अर्जदारास पुतळीबाईंच्या पाळीत त्यांच्या धुण्यासोबत आपला एक शर्ट टाकू द्यावा. दुसऱ्याच्या पाळीत धुण्यास नियमाने मनाई आहे, म्हणून हा अर्ज. शर्ट ओळखू येऊ नये याची काळजी अर्जदाराने घेतली आहे. खिशावरची नावाची पट्टी उसवली आहे. अत्तर लावणे बंद केले आहे. तुटलेल्या बटणाच्या जागी साबिराने दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने बटण लावले होते, तेही काढून नवे लावले आहे. तिने एवढ्यापुरते अर्जदारास परके मानावे, त्याची तक्रार नाही. घडी झालेला तो शर्ट अर्जदार पुन्हा उलगडणार नाही. मग मशीन खुशाल खांबला न्यावी.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
इद्रीस हुसेन डबीर
रोहा, दि. ४ नोव्हेंबर २०२४

सोबत : १) पुतळीबाईंचे संमतीपत्र.
२) शर्टावरून उसवलेली नावाची पट्टी. ही आपल्या कार्यालयातच ठेवावी. घरात असली तर तिला सापडेल.