मी जाऊबाईचं नाव घेतलं

३ नोव्हेंबर १९५४
मिशन दवाखान्यात, डोळ्यांच्या वॉर्डात आज सात बाया आल्या. चौथ्या खाटेजवळ गेले आणि हातातली चिनी बशी सुटली. फुटली. खाटेवर भागीरथाजाऊ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, तिला दिसत नाही. बहिणीनं आणून सोडलंय म्हणे. नाव-गाव लिहून घ्यायचं काम माझं, ते दुसऱ्या नर्सवर ढकललं. त्यानंतर दिवसभर तिच्यापाशी तोंड उघडलं नाही.

५ नोव्हेंबर
तिचे डोळे धुतले, औषध घातलं. आवाज ओळखू नये म्हणून मी तिच्यापाशी कुजबुजतच बोलते. घसा बसलाय असं डॉ.बाईंना सांगितलं. खोटं.
नऊ वर्षं झाली. कधी लिहिलं नाही, आज लिहिते. माझी मुक्ता दोन वर्षांची, तापानं फणफणलेली. धनी म्हणाले, दवाखान्यात ने. धानाची कापणी होती, मी म्हटलं उद्या. तीन दिवस उद्याच म्हटलं. पोर गेली. सासू विचारत होती, कशानं गेली, काऊन गेली? सारं आंगण माझ्याकडं बघत होतं. मी म्हटलं, जाऊबाईनं तिले मांडीवर घेतलं, तवापासून. एवढंच. करणी हा शब्द दुसऱ्यांनी काढला. मी नाही म्हटलं नाही.
केस कापून हाकलली तिला. तिची कमळी पाच वर्षांची, मागं धावत होती. कमळीला धरून ठेवली ती मीच.

७ नोव्हेंबर, रविवार
उपासनेला पाहुणे. पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला उभं केलं. नेहमीचीच दिली. पोर गेली, धनी गेले, अंधारात होते, प्रभूनं हात धरला. बाया डोळे पुसत होत्या. किती गावांत सांगितली ही साक्ष. जाऊ तीत कधीच नसते. आज मधेच शब्द संपले, बसले खाली. लोकांना वाटलं, गहिवरली.

८ नोव्हेंबर
पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "रूथबाई, बाप्तिस्म्यात जुनी यमुना पुरली गेली. प्रभूनं धुतलं ते उकरू नका. मागंच बघत राहिलात तर पुढं कशा जाल?" चांगला माणूस. बरं वाटलं, दुपारपर्यंत. यमुना पुरली गेली असेल. भागीरथा चौथ्या खाटेवर जिवंत आहे.

१० नोव्हेंबर
काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. मी पेज भरवत होते, न बोलता. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला म्हणाली, "यमुने, गरम हाय वं."
वाटी हातात तशीच.
"कवा ओळखलं?"
"पह्यल्याच दिवशी. बशी फुटली तवा 'आई वं' म्हणली तू."
"मंग बोलल्या काऊन नाई?"
"तू कवा बोलते, पाहून राह्यली होती."

११ नोव्हेंबर
पाय धरले तिचे. माफी मागितली. पाय काढून घेतले नाहीत तिनं, पण आवाज कोरडा. "इथी कायची माफी? इथी आयकाले कोन हाय? नाव गावात घेतलं ना, गावातच जाऊन परत घे. माह्या पोरीसमोर." थोड्या वेळानं म्हणाली, "तुह्या देवानं केलं असंल तुले माफ. मले कोनी पुसलं नाई."

१४ नोव्हेंबर
सुट्टी मागायला डॉ.बाईंच्या दारापर्यंत जाते, परत येते. दोनदा झालं. गावाची भीती कमी आहे. भीती इथली. इथं मी रूथबाई, मला बायका प्रार्थना करायला बोलावतात. मागचं सोडलं म्हणत होते. सोडलं कुठं, लपवलं. आणि लपवलेलं राखायलाच सगळा जोर...

१६ नोव्हेंबर
डॉ.बाईंना कारणासकट सांगितलं. हातातला कागद लिहीत राहिल्या. मग, "जाऊन या." मान वर न करता.

१८ नोव्हेंबर
डोंग्यानं नदी, मग पायी. गाव सारा खळ्यावर होता. जाऊचा नवरा, म्हणजे माझे भासरे, पाटील, बाया. मधोमध उभी राहून म्हटलं, "मुक्ता तापानं गेली. दवाखान्यात मीच नेलं नाई. भागीरथाबाईनं काईच केलं नाई. मी खोटी बोलली."
एक म्हातारी थुंकली. भासरे पेंढ्या रचत राहिले. पाटील म्हणाले, "आता सांगून काय फायदा, बाई? ते मेली बी असंल."
"जिती हाय."
कमळी चौदाची झाली आहे. डोक्यावर भारा घेऊन बांधावर उभी होती, सगळं ऐकलं तिनं. माझ्यापाशी आली. वाटलं मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "तिले दिसते?"
"पट्टी निघाली का एका डोळ्यानं दिसंल."
भारा सावरून गेली. मागं पाहिलं नाही.

१९ नोव्हेंबर
जाऊला जसंच्या तसं सांगितलं. कोण थुंकलं तेही, भासरे मान खाली घालून होते तेही. कमळीचं ऐकताना तिनं चादर मुठीत धरली.
"कशी दिसते?"
"तुमच्यावानी. कपाळ तुमचंच."
मला माफ केलं का, विचारणार होते. विचारलं नाही. तेवढं मागायचा हक्क नाही मला.
उद्या पट्टी सुटायची. डॉ.बाई म्हणाल्या, तुम्हीच सोडा. मी सोडली तर चालंल का, म्हणून जाऊला विचारलं.
"म्हंजे पह्यले तुलेच पाहा लागंल," म्हणाली.
हो की नाही, ते बोलली नाही.