जुन्या जिनिंगमधली बैठक

४ डिसेंबर, गुरुवार
घनसावंगीत पोचलो. जालन्याहून बसनं आलो आणि शेवटचा टप्पा जीपमध्ये, अर्ध्या सीटवर. उरलेली अर्धी एका बाईच्या कोंबडीची होती. कांताबाईंकडे भाड्यानं खोली घेतली. मोरीत पाणी येतं, खिडकीतून ऊस दिसतो, आणखी काय पाहिजे. नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, म्हणजे जिच्यापासून दारू गाळतात त्या मळीचा आंबूस वास दिवसभर नाकात. बोक्याला दुधाची राखण दिली म्हणायची. पण नागसेन खरात आता पीत नाही.

रूपाली पोराला, प्रेमला, घेऊन जालन्यात मस्तगडला माहेरी आहे. चौदा तारखेला येते म्हणाली. आधी माझ्या तोंडाचा वास घेणार, मगच हातातली पिशवी खाली ठेवणार. वास आला तर उंबऱ्यावरूनच माघारी, आणि पोरगं पुन्हा दिसणार नाही. मी हसून बरं म्हणालो. आतून हललो होतो.

५ डिसेंबर, शुक्रवार
डॉक्टरांनी बजावलंय की दारू सोडणाऱ्यांचा गट शोध, एकट्यानं सुटत नाही. त्यांनी नंबर दिलेले इथल्या गटाचे रामराव फोन उचलेनात. शेवटी लाज सोडून चहाच्या टपरीवर विचारलं, दारूवाल्यांची बैठक कुठं असते? लोक हसले. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं मात्र सांगितलं, जुन्या जिनिंगमध्ये, दिवेलागणीला.

जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, कधीचंच बंद पडलेलं. आत सतरंजीवर सात जण गोल करून बसले होते आणि एक जागा रिकामी होती. मी जय भीम करून तिथं बसलो, कोणी उत्तर दिलं नाही. प्रत्येकापुढे पालथा ग्लास. मला ते फार आवडलं. एकेकानं आपल्या शेवटच्या पिण्याची गोष्ट सांगितली. सगळ्यांची शेवटची एकाच पाडव्याची. सातही जणांनी एकाच दिवशी सोडली, असा गट जालन्यातही नसेल! मीही बोललो. प्रेमचं नाव घेताना रडलो. निघताना आपण म्हणतो तसं "येतो" म्हणालो. तेव्हा मात्र सगळे एकदम म्हणाले, "ये."

७ डिसेंबर, रविवार
रामरावांचा फोन आला. गट रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात भरतो. गेलो. साधी माणसं, चहा, बिस्किटं. जिनिंगचं सांगितलं तसं रामरावांनी मला बाहेर नेलं. म्हणाले, गावात बैठक म्हटलं की पिणाऱ्यांचीच, आणि दारूवाल्यांची बैठक म्हणजे जिनिंगमधली. काही वर्षांमागं पाडव्याला विषारी हातभट्टी पिऊन सातही जण तिथंच मेले. आठवे होते रामराव. "येतो" म्हणून फुटाणे आणायला उठले, वाटेत बायकोनं धरून घरी नेलं. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत.

"तुमी त्येंना येतो म्हन्ले का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"ती जागा माझी व्हती. मी परत गेलो न्हाई म्हून इतकी वर्षं न पिता तोंडाला दारूचा वास येऊन राह्यला व्हता. शुक्रवारपासून बंद झाला."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि तिची लाजही दिसली. मी हसण्यावारी नेलं. आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत.

८ डिसेंबर
सकाळी तोंडाला दारूचा वास. दात घासले, गुळण्या केल्या, तरी आहेच. काट्यावरच्या सूरजनं नाक मुरडलं. मी प्यायलो नाही. निदान या वहीनं तरी विश्वास ठेवावा.

१० डिसेंबर
बडीशेप, वेलदोडा, कच्चा कांदा. काही उपयोग नाही. कांताबाई म्हणाल्या, बेवड्याला खोली देत नाही, महिनाअखेर रिकामी करा. रामराव फोन उचलत नाहीत. रूपालीला काय सांगू? इतक्या वेळा खोटं बोललो की आता खरं बोलायला तोंडच उरलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
जिनिंगला गेलो नाही. मुद्दाम काट्यावर थांबलो. घरी आलो तर खोलीत सतरंजी. माझी नाही. सातही जण बसलेले, गोल करून. म्हणाले, आला न्हाईस म्हून आमीच आलो. ग्लास आता सुलटे आहेत —

१३ डिसेंबर
ते उठत नाहीत. मी भिंतीला टेकून आहे. दुपारी रूपालीला फोन केला, येऊ नकोस म्हणालो. तिला वाटलं पुन्हा सुरू केली, म्हणून टाळतोय. म्हणाली, आता तर येतेच, डोळ्यांनी बघते. तेवढ्यात प्रेमनं तिच्या हातातून फोन घेतला आणि ओरडला, "पप्पा, येतो!"

खोलीतले सगळे म्हणाले, "ये."

१४ डिसेंबर
सरकून जागा केलीय त्यांनी. लहानशी. पुढे ग्लास —

बाहेर जीप थांबली. तिचा आवाज. पोरगं पळत —

इतके दिवस वास जावा म्हणून धडपडलो. आता राहू दे. दार उघडून तिच्या तोंडावरच श्वास सोडतो. शिव्या देईल, पोराला उचलून जाईल. जाऊ दे, कायमची जाऊ दे —

हातावर श्वास सोडून पाहिला. वास नाही. पुन्हा पाहिला. नाही. रामरावांचा गेला तसाच —

कडी वाजतेय. रूपाली वास घेईल, हसेल, पिशवी खाली ठेवील, आणि प्रेम आत —